घरच्यांना मज्जाव, पाहुण्यांना पायघड्या

मांडवीच्या तीरावर, जुन्या गोव्यात, संत फ्रान्सिस झेवियर यांचे पवित्र अवशेष आहेत. त्याच मांडवीच्या प्रवाहाबरोबर आठ-दहा किलोमीटर खाली आले की पणजी लागते, आणि पणजीच्या धक्क्यासमोर, भर नदीत, रोषणाईने झगमगणारी कॅसिनोची जहाजे नांगर टाकून उभी असलेली दिसतात. 2024 च्या डिसेंबरमध्ये दशवार्षिक दर्शनसोहळ्यासाठी आमच्या धर्मग्रामातून निघालेल्या बसमधील मंडळींनी ही दोन्ही स्थळे एकाच दिवसात पाहिली. सकाळी से कॅथेड्रलच्या रांगेत हाती जपमाळ घेऊन उभी असलेली आमचीच माणसे. त्यांतील पाच-सहा जण रात्री जेवणानंतर “जरा नदीची हवा खाऊन येतो” असे सांगून धक्क्याकडे वळली.

पहाटे ती परतली तेव्हा एक गृहस्थ खोलीवर न जाता उभ्या बसच्या पायरीवर बसून राहिले. वाडीतली भाजी पिकवून विकणारे, दारूच्या थेंबाला न शिवणारे, रविवारच्या मिस्सेला गायनवृंदात ज्यांचा आवाज आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो ते हे गृहस्थ. त्यांच्या परवानगीने, नाव गाळून, त्यांची हकीगत येथे देत आहोत. “लोकांना कळू दे,” एवढेच ते म्हणाले.

भाच्याने त्यांना एक सूत्र शिकवले होते. रूलेटच्या चक्रावर लाल रंगावर पाचशे रुपये लावायचे. हरलो तर पुढच्या फेरीस हजार, पुन्हा हरलो तर दोन हजार, मग चार हजार. कधी ना कधी लाल येणारच. आले की मागची सारी तूट भरून वर पाचशे सुटतात. पंधरा वेळा हे सूत्र साधले आणि साडेसात हजार रुपये पदरी पडले. सोळाव्या वेळी लाल आलेच नाही. पाचशे, हजार, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस हजार: सात फेऱ्यांत साडेत्रेसष्ट हजार गेले. खिशातले संपले तसे कार्ड पुढे झाले. आठव्या फेरीस चौसष्ट हजार लावायला ते तयार होते, पण मेजावरच्या मुलीने अत्यंत विनयाने पाटीकडे बोट दाखवले. त्या मेजाची कमाल मर्यादा पन्नास हजार होती. जिंकलेले वजा जाता छप्पन्न हजार रुपये गेले, आणि ते धाकट्या मुलीच्या नर्सिंग कॉलेजच्या फीचे होते.

बसमध्ये कुजबूज झाली ती अपेक्षेप्रमाणेच. “हाव नडली, दुसरे काय?” हे ऐकून आम्हांस राग आला, आणि हा लेख त्या रागातूनच लिहीत आहोत. लक्षाधीश व्हावे म्हणून हे गृहस्थ तेथे बसले नव्हते. पाचशे-पाचशे रुपये कमवावेत, भाजीच्या जुडीवर कमवावेत तसे, असा त्यांचा साधा हिशेब होता. हिशेब चुकला, आणि तो चुकावा अशीच ती सारी व्यवस्था उभारलेली आहे. हावरा कोण, हे ठरवायचेच असेल तर मेजाच्या पलीकडच्या बाजूस पाहावे लागेल.

त्या चक्राचा हिशेब वाचकांनी एकदा नीट समजून घ्यावा, कारण घरातील तरुण मुले आपणांस त्यावर प्रश्न विचारणार आहेत. चक्रावर छत्तीस आकडे असतात, अठरा लाल आणि अठरा काळे. शिवाय एक हिरवे शून्य असते. म्हणजे घरे सदतीस. सदतीस माणसांनी सदतीस घरांवर शंभर-शंभर रुपये लावले असे समजा. मेजावर 3,700 रुपये जमले. गोळी कोठेही पडो, जिंकणाऱ्यास त्याच्या शंभरासह 3,600 मिळतात आणि शंभर रुपये मालकाकडे राहतात. शेकडा 2.70 रुपये. काही चक्रांवर दोन शून्ये असतात, तेथे हा वाटा 5.26 होतो. आपल्याकडच्या अड्ड्यांवर मालक जिंकणाऱ्याच्या पैशांतून जो वाटा काढतो त्याला नाल म्हणतात. तेथे निदान तो चार जणांदेखत हाताने बाजूला काढला जातो. येथे तो चक्राच्या घडणीतच मुरवलेला आहे. कोणी मागत नाही, म्हणून दिल्याचे कोणाला जाणवत नाही.

“शंभरास पावणेतीन रुपये, एवढेच ना?” असे वाटेल. पण हा नाल रात्रीतून एकदा लागत नाही. तो प्रत्येक फेरीस लागतो. हजार रुपये तासाभरात चाळीस वेळा लावले गेले तर नाल चाळीस हजारांवर लागला, आणि सरासरीने मूळचे हजार तेवढ्यातच संपले. आमच्या गृहस्थांचे सूत्रही याच गणितापुढे हरले. सलग सात वेळा लाल न येण्याचा प्रसंग एकशेसहा डावांतून सरासरी एकदा येतो. एकशेपाच वेळा पाचशे मिळवले तरी साडेबावन्न हजारच होतात. एकशेसहाव्या वेळी साडेत्रेसष्ट जातात. मेजावरची मर्यादेची पाटी हे सूत्र ओळखूनच लावलेली असते. हे सूत्र जुने आहे, कॅसिनोवाल्यांना ते आपल्या भाच्यांच्या आधीपासून ठाऊक आहे, आणि ते घेऊन येणाऱ्याचे ते मनापासून स्वागत करतात.

फ्रान्स्वा ब्लां नावाच्या फ्रेंच माणसाने 1840 च्या दशकात जर्मनीतील होम्बुर्ग येथे एकच शून्य असलेले चक्र ठेवले. इतरत्र दोन शून्यांची चाल होती. आपला वाटा त्याने निम्म्यावर आणला, म्हणून लोक त्याच्याकडे लोटले आणि तो इतरांपेक्षा अधिक श्रीमंत झाला. पुढे 1863 मध्ये मोंते कार्लोचा कारभारही त्याच्याच हाती आला. कॅसिनो लबाडी करतात, चक्रात लोहचुंबक लपवतात, अशा कथा आपल्याकडे चवीने सांगितल्या जातात. त्या ऐकून आम्हांस हसू येते. ज्याला प्रामाणिक चक्रावर नक्की मिळकत आहे त्याने लबाडी कशाला करावी? त्या जहाजावर नशिबाशी खेळत नाही असा एकच माणूस असतो, तो म्हणजे मालक.

याच मोंते कार्लोत 18 ऑगस्ट 1913 रोजी एका चक्रावर काळा रंग सलग सव्वीस वेळा आला. जसजसे काळे येत गेले तसतशी गर्दी लालवर अधिकाधिक पैसे ओतू लागली, कारण ‘आता लालची पाळी’ असे प्रत्येकाला वाटत होते. चक्राला मागचे काही आठवत नसते. माणसाला आठवते, आणि माणूस चक्रालाही आपल्यासारखाच न्यायी समजतो. शेतकऱ्याला तर असे वाटणे फारच स्वाभाविक आहे. दोन वर्षे पीक बुडाले तर तिसरे वर्ष बरे जाईल, या भरवशावरच तो पेरणी करतो.

रूलेटचे मेज निदान दिसते तरी. स्लॉट मशीनचे पोट दिसत नाही. पूर्वीच्या यंत्रात खरोखरीच चाके फिरत. खटका ओढला की चित्रे जुळत किंवा न जुळत. 1984 मध्ये इंगे टेलनेस या गृहस्थांना अमेरिकेत एक पेटंट मिळाले, आणि त्यानंतर चित्र कोणते थांबणार हे चाक ठरवीनासे झाले. आतील संगणक आधी आकडा काढतो आणि चाक त्याप्रमाणे थांबवतो. बाहेर चाकावर वीस-बावीस जागा दिसत असल्या तरी आत त्याहून कितीतरी अधिक आकडे त्या जागांना वाटून दिलेले असतात. मोठ्या बक्षिसाच्या चित्राला त्यांतला एखादाच आकडा येतो, आणि त्याच्या लगत वर-खाली असलेल्या रिकाम्या जागांना भरपूर आकडे देता येतात. परिणामी बक्षिसाचे चित्र वारंवार अगदी रेषेच्या वर किंवा रेषेच्या खाली थांबलेले दिसते. खेळणारा हळहळतो, “थोडक्यात हुकले!” थोडक्यात काहीच हुकलेले नसते. त्याला तसे दिसावे अशी ती मांडणी असते. आणखी एक तऱ्हा अशी की शंभर रुपये लावावेत, तीस परत यावेत, आणि त्या तीस रुपयांसाठी यंत्राने घंटा वाजवून दिवे लावावेत. सत्तर रुपये हरलेल्या माणसाचे अभिनंदन होते.

बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. ठरावीक चोची मारल्यावर हमखास दाणा मिळतो असे असले की कबूतर दाणा खाऊन जरा विसावते. दाणा केव्हा मिळेल याचा नेमच ठेवला नाही की ते न थांबता चोच मारत राहते. जुगाराचे बळ यातच आहे, असे स्किनर यांनी स्वतःच लिहून ठेवले. ज्यांनी ही यंत्रे बांधली त्यांनी ते वाचले नसेल असे मानण्याइतके आम्ही भाबडे नाही.

आणि तरीही, केवळ गणिताने माणूस तेथे बसत नाही. आमच्या गृहस्थांना आम्ही विचारले, “सात वेळा हरेपर्यंत उठावेसे वाटले नाही?” ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तिथे मला सर म्हणत होते.” या वाक्यावर आम्ही पुष्कळ विचार केला. भाजीच्या बाजारात पहाटे ज्याला दलाल एकेरीत हाक मारतो, बँकेत ज्याला तीन खिडक्या फिरवतात, त्याला त्या जहाजावर गालिच्यावरून आत नेले जाते, बसायला मऊ खुर्ची मिळते, न मागता जेवण समोर येते, पेये फुकट मिळतात. प्रवेशाचे पैसे आधीच भरलेले असतात. त्यातच जेवणखाण आणि थोड्या खेळण्याच्या चिप्स येतात, म्हणून पहिली चिप मेजावर ठेवताना आपण काही घालवीत आहोत असे वाटत नाही. नोटा देऊन रंगीत चकत्या घ्यायच्या की झाले. पाचशेची नोट मोडताना ज्याचा हात दोनदा थांबतो, तोच माणूस पाचशेची चकती सहज सरकवतो. खेळण्याच्या दालनात घड्याळ शोधून सापडत नाही. खिडकीतून पहाट दिसावी अशी सोय नसते. कोंबडा आरवला म्हणून पेत्राला निदान भान आले होते. येथे कोंबडाही ऐकू येत नाही.

रशियन कादंबरीकार दोस्तोयेव्हस्की हा ख्रिस्तावर निस्सीम प्रेम करणारा, माणसाच्या अंतःकरणाचा तळ पाहिलेला लेखक. तोही जर्मनीतल्या या चक्रांपुढे वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा जाऊन बसला आणि बायकोचे दागिने गहाण पडेपर्यंत हरला. 1866 मध्ये ‘जुगारी’ ही कादंबरी त्याने सव्वीस दिवसांत लिहून दिली ती एका प्रकाशकाच्या जाचक करारातून सुटण्यासाठी. चक्राचा नाद त्यानंतरही सुटला नाही. तो सुटला 1871 मध्ये. एवढ्या बुद्धीच्या माणसाची ही गत, तर आमच्या वाडीतल्या माणसाला ‘हावरा’ म्हणणाऱ्यांनी जरा जपून बोलावे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 पासून जुगाराच्या या अवस्थेला दारू आणि मादक द्रव्यांच्या व्यसनांच्या पंक्तीत बसवले आहे.

आता गोव्याच्या कायद्याकडे येऊ. तेथील सार्वजनिक जुगार प्रतिबंधक कायदा 1976 चा. त्यात 1992 मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनला मुभा मिळाली, आणि 1996 मध्ये जहाजांवर मेजाच्या जुगाराला. जुगार जमिनीवर नको, दूर पाण्यात असावा, अशी ती सोज्वळ कल्पना. प्रत्यक्षात जहाजे राजधानीच्या तोंडाशी, नदीत उभी राहिली. धक्क्यावरून होडीने काही मिनिटांत पोचता येते. ती मांडवीतून हलवू, अशी आश्वासने वेगवेगळ्या पक्षांनी दिली आणि सत्तेवर येऊन मुदतवाढही दिली.

परंतु आमचा मुख्य आक्षेप याहून वेगळा आहे. 1 फेब्रुवारी 2020 पासून गोवा सरकारने गोवेकरांना कॅसिनोत जुगार खेळण्यास बंदी केली. हे योग्यच झाले, असे आम्ही म्हणतो. मोनाकोनेही आपल्या नागरिकांना मोंते कार्लोच्या मेजापासून दूरच ठेवले आहे. पण ज्या सरकारने हा निर्णय घेतला त्याने त्याच क्षणी एक कबुलीही दिली: हा खेळ माणसाचे घर मोडतो, हे आम्हांस ठाऊक आहे. मग तोच खेळ वसईच्या, कोल्हापूरच्या, बेळगावच्या माणसासमोर ‘पर्यटन’ म्हणून कसा मांडता येतो? आपल्या मुलांच्या ताटात जे वाढायचे नाही ते पाहुण्याच्या ताटात वाढणे, याला आपल्या भाषेत आदरातिथ्य म्हणत नाहीत. गंमत अशी की गोव्याच्या मुलामुलींना तेथे नोकरी करण्यास मनाई नाही. खेळायला बंदी, वाढायला परवानगी.

महसुलाचा मुद्दा पुढे केला जातो, आणि रोजगाराचाही. रोजगार खरा आहे; मेजावरच्या त्या विनयशील मुलीच्या घरी कदाचित तिच्याच पगारावर चूल पेटत असेल, आणि तिच्याबद्दल आमच्या मनात काडीचा राग नाही. महसूलही खरा आहे. कॅसिनोतील पणांवर 1 ऑक्टोबर 2023 पासून 28 टक्के जीएसटी लागू झाला आणि सप्टेंबर 2025 मध्ये तो 40 टक्क्यांवर नेण्यात आला. पण हा कर येतो कोठून? कारखान्यात माल तयार होतो, शेतात धान्य. त्यावर कर बसतो. कॅसिनोत तयार होते ती केवळ एकाची हार, आणि तिच्यात मालकाबरोबर सरकारही भागीदार होते. भागीदाराने दुकान बंद करावे, अशी अपेक्षा कोण करील?

इतरत्र कायद्याने पावले टाकली आहेत, हे येथे नमूद केले पाहिजे. महाराष्ट्राच्या विधिमंडळानेही 1976 मध्ये कॅसिनोंना वाट देणारा कायदा केला होता. तो कधी अंमलात आला नाही आणि 2023 मध्ये रद्द झाला. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा केला. म्हणजे खिशातल्या फोनवर जे पाप ठरले, ते नदीतल्या जहाजावर पर्यटनच राहिले.

आमच्यावर एक प्रश्न उलटेल, आणि तो रास्त आहे. “चर्चच्या फेस्ताला हाऊजी चालते, रॅफलची तिकिटे धर्मगुरूंच्या आशीर्वादाने खपतात, त्याचे काय?” ख्रिस्तसभेने चिठ्ठीच्या खेळाला मुळातच पाप म्हटलेले नाही. यहूदाच्या जागी मथियाची निवड प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकूनच केली. तशाच चिठ्ठ्या क्रुसाखाली शिपायांनीही प्रभूच्या अंगरख्यासाठी टाकल्या. कृती एकच, पण एका ठिकाणी माणसे देवाच्या इच्छेपुढे वाकत होती, तर दुसऱ्या ठिकाणी मरणाऱ्याचे वस्त्र वाटून घेत होती. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षण ग्रंथाच्या 2413 व्या परिच्छेदाचा आशयही असाच आहे: पैज किंवा नशिबाचा खेळ स्वतःहून अन्याय्य ठरत नाही, परंतु स्वतःच्या वा इतरांच्या गरजेचे जेव्हा त्यात जाते तेव्हा तो नीतीला सोडून जातो, आणि त्याची ओढ माणसाला दास करून टाकू शकते. दहा-वीस रुपयांचे हाऊजीचे तिकीट रात्री दहाला संपते आणि त्याने कोणाच्या मुलीची फी बुडत नाही. एवढे म्हणून आम्ही मोकळे झालो असतो. पण फेस्तागणिक तिकिटाची किंमत आणि बक्षिसाचा आकार वाढत चालला आहे, आणि आठ वर्षांच्या मुलाच्या हाती तिकीट देऊन “बघ तुझे नशीब” म्हणणारे आपणच आहोत. ही गोष्ट आम्हांस बोचते. याचा विचार आपल्या पालकीय मंडळांनी करावा. गोवा सरकारला शहाणपण शिकवताना आपले अंगण झाडलेले असावे.

मग मागावे काय? सारी जहाजे उद्या बुडवा, अशी मागणी करून टाळ्या मिळतील, पण जहाजे हलणार नाहीत. सिंगापूरने 2010 मध्ये कॅसिनो उघडले तेव्हा दोन गोष्टी केल्या. तेथील रहिवाशाला आत जाण्यासाठी सरकारला पैसे भरावे लागतात: आधी दिवसाला शंभर डॉलर, 2019 पासून दीडशे. दुसरी गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते. जुगाराने घर मोडत असेल तर बायको, नवरा, आई-वडील किंवा मुले अर्ज करून त्या माणसाला कॅसिनोचे दार बंद करवू शकतात. ओळखपत्र पाहून गोवेकराला जर दारातून परत पाठवता येते, तर ज्याच्या बायकोने अर्ज केला आहे अशा वसईकरालाही परत पाठवता येईल. यंत्रणा तीच, यादी थोडी लांब. हा हक्क भारतातील कोणत्याही राज्याच्या रहिवाशाच्या कुटुंबाला मिळावा, एवढी मागणी आमच्या आमदार-खासदारांनी गोवा सरकारकडे करावी. धर्मग्रामांच्या महिला मंडळांनी ती आधी त्यांच्या कानी घालावी. हा अर्ज करण्याची वेळ बहुधा त्यांच्यावरच येणार आहे.

आमच्या बसपुरते बोलायचे तर येत्या 3 डिसेंबरच्या सणासाठी सहल समितीने मुक्काम पणजीऐवजी जुन्या गोव्यातच ठेवला आहे. मुलीची फी गायनवृंदातील मंडळींनी मिळून भरली. ती रक्कम ते गृहस्थ दर महिन्याला थोडी थोडी फेडीत आहेत, कोणी नको म्हटले तरी ऐकत नाहीत. बँकेचे कार्ड त्यांनी पत्नीच्या स्वाधीन केले आहे. सहलीच्या वहीत दोन जागांसाठी त्यांचे नाव सर्वांत वर आहे.